सुतारकामाची धूळ : यंत्र कोणते घ्यावे, कसे बसवावे?

दम्यावरील लेखांनंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतली तीन एकाच विषयाची निघाली. एक पत्र घरच्या पडवीत फर्निचर करणाऱ्या कारागिराचे, दुसरे निवृत्तीनंतर लाकडी खेळणी करण्याचा छंद लागलेल्या शिक्षकांचे आणि तिसरे एका गृहिणीचे. तिघांचा प्रश्न थोडक्यात असा, की लाकडाची धूळ ओढून घेणारी यंत्रे बाजारात मिळतात ती घ्यावीत काय, घेतल्यास कोणती आणि ती बसवावीत कशी. गृहिणीच्या पत्रात एक वाक्य जास्तीचे होते : "यंत्र घेतले आहे, जमीन स्वच्छ असते, पण यांचा खोकला तसाच आहे." आजचा लेख मुख्यतः या एका वाक्यासाठी आहे.

यंत्राबद्दल डॉक्टरने कशाला लिहावे, असे कुणी म्हणेल. माझे एक मित्र तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवीत असत. पंखे, पाइप, हवेचा दाब हे सारे मी त्यांच्याकडून समजून घेतले आहे. परंतु यंत्र कशासाठी घ्यायचे, हे सांगणे मात्र आमचे काम. दुकानदार यंत्र विकतो ते जमीन साफ राहावी म्हणून. आपल्याला ते हवे असते नाक आणि छाती साफ राहावी म्हणून. या दोन गोष्टी एक नव्हेत.

भुसा वेगळा, धूळ वेगळी

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. रंध्याच्या ढलप्या आणि करवतीचा जाडा भुसा शेकडो मायक्रॉनचा असतो. तो उडतो आणि पायाशी पडतो. त्याहून बारीक, म्हणजे १० ते १०० मायक्रॉनचे कण श्वासाबरोबर आत शिरतात, पण त्यांतले बहुतेक नाकात आणि घशातच अडकतात. नाकातले केस आणि आतला ओला पडदा ही निसर्गाने दिलेली गाळणी आहे. १० मायक्रॉनच्या खालचे कण ही गाळणी चुकवून श्वासनलिकांत उतरतात आणि ४-५ मायक्रॉनपेक्षा लहान असलेले थेट फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. हे शेवटचे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते लवकर खालीही बसत नाहीत. काम थांबवून हातपाय धुऊन आपण जेवायला बसतो, तरी ते अर्धा-पाऊण तास हवेतच असतात. अगदी बारीक असतील तर कित्येक तास.

किती धूळ म्हणजे जास्त? युरोपीय संघाने २०२३ पासून कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा एका घनमीटर हवेत सरासरी २ मिलिग्रॅम अशी ठरवली आहे. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. म्हणजे साऱ्या खोलीच्या हवेत मिळून ६८ मिलिग्रॅम धूळ. वजनाने सांगायचे तर तांदळाचे तीन दाणे! सँडर लावून एक फळी घासली की किती धूळ उडते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यावरून अंदाज येईल.

सर्वांत बारीक धूळ करते ते घासकाम, म्हणजे पॉलिश पेपर आणि सँडर. त्याखालोखाल राऊटर आणि गोल करवत. हातरंध्याने निघणारी लांब वळलेली सालपटे जवळजवळ निरुपद्रवी असतात, हे छंद म्हणून काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. एमडीएफ नावाचे जे बोर्ड गेल्या काही वर्षांत घरोघरी आले आहेत, ते लाकडाचे तंतू फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंकाने चिकटवून केलेले असतात. ते कापताना निघणारी धूळ पिठासारखी बारीक असते आणि तिच्याबरोबर तो डिंकही येतो.

या धुळीने होते काय? सागाची किंवा शिसवीची धूळ काही जणांच्या कातडीला लागताच खाज सुटते, पुरळ उठते. ज्या द्रव्यांमुळे सागाला सहसा वाळवी लागत नाही, त्याच जातीची द्रव्ये याला कारण असतात. नाक चोंदणे, संध्याकाळी शिंकांवर शिंका येणे, डोळे लाल होणे हे तर सुतारकाम करणाऱ्यांना इतके सवयीचे होते, की तो आजार आहे असे त्यांना वाटतच नाही. यापुढची पायरी दम्याची. आणि सर्वांत गंभीर, परंतु सुदैवाने विरळा, तो नाकाच्या आतल्या पोकळीचा कर्करोग.

याचा शोध लागला तो इंग्लंडात. हाय विकम हे खुर्च्या बनवणारे जुने गाव. तिथल्या कान-नाक-घसा शल्यचिकित्सक एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आले, की एरवी क्वचित दिसणारा नाकाचा कर्करोग आपल्याकडे येणाऱ्या फर्निचर कामगारांत मात्र वारंवार दिसतो. १९६८ साली त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या लिऑन येथील कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ ही माणसात कर्करोग निर्माण करणारी वस्तू म्हणून पहिल्या गटात नोंदवली. फॉर्माल्डिहाइडलाही तिने २००४ साली त्याच गटात टाकले. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. हा रोग बहुधा वीस-तीस किंवा अधिक वर्षांच्या धुळीनंतर होतो आणि बहुसंख्य सुतारांना तो होत नाही. परंतु विशीत काम सुरू करणाऱ्या मुलासाठी आज केलेली व्यवस्था त्याच्या पन्नाशीत उपयोगी पडते, एवढे मनात असावे.

एका पडवीतली गोष्ट

माझ्याकडे येणाऱ्या एका मेस्त्रींची हकिकत सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. वय चाळिशीचे, विडी-काडीचे व्यसन नाही. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या करण्याचे काम वाढल्यावर त्यांनी घराच्या मागच्या पडवीत करवत, रंधा मशीन आणि सँडर बसवले. वर्षभरात रात्रीचा खोकला सुरू झाला. दोन आठवड्यांवरचा खोकला म्हणून थुंकीची तपासणी झाली, ती निर्दोष आली. एक्स-रे साफ. खोकल्याची औषधे झाली. मी त्यांना विचारले, "सुट्टीच्या दिवशी कसे असते?" ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "डॉक्टरांनू, चवथीत माका एकदम बरा वाटला होता."

गणपतीचे पाच दिवस काम बंद होते. निदान त्या वाक्यातच होते. अशा दम्याची गंमत अशी, की तो पुष्कळदा काम करताना त्रास देत नाही. चार ते आठ तासांनी, रात्री झोपेत गाठतो. त्यामुळे कामाचा आणि खोकल्याचा संबंध रोग्याच्या ध्यानात येत नाही. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजण्याचे एक साधे नळीसारखे उपकरण मिळते, त्याला पीक फ्लो मीटर म्हणतात. त्यावर कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांचे आकडे मांडले तेव्हा शंका उरली नाही.

मेस्त्री कष्टाळू आणि हुशार. त्यांनी शहरातून दोन पिशव्यांचे धूळ ओढणारे यंत्र आणले. वरची पिशवी कापडी, खालची प्लॅस्टिकची. पायाखालचा भुसा नाहीसा झाला. खोकला मात्र तसाच. उलट पडवीला लागून असलेल्या खोलीत झोपणाऱ्या त्यांच्या आईलाही खोकला सुरू झाला. धाकटी मुलगी त्याच खोलीत अभ्यासाला बसे.

एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. कौलांत काच बसवलेली होती आणि तिच्यातून उन्हाचा कवडसा पडवीत तिरपा उतरला होता. करवत बंद होती. मी म्हटले, "मेस्त्री, नुसते यंत्र चालू करा." ब्लोअर सुरू होताच कापडी पिशवी फुगली आणि दोन-तीन सेकंदांत तो कवडसा दुधासारखा पांढरा झाला! लाकडाला हात न लावता खोली धुळीने भरली. आदल्या दिवशी पिशवीत साठलेली बारीक धूळ कापडाच्या विणीतून बाहेर फवारली जात होती.

गृहिणीच्या पत्राचे उत्तर हेच आहे. स्वस्त यंत्राबरोबर येणारी पातळ कापडी पिशवी साधारण ३० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. म्हणजे जो भुसा तसाही जमिनीवर पडणार होता तो तिने अडवला, आणि जी धूळ छातीत उतरते ती माणसाच्या तोंडाच्या उंचीवर आणून सोडली. डोळ्यांना घर स्वच्छ दिसते म्हणून माणूस तोंडावरचा रुमालही काढून टाकतो. अशा यंत्रापेक्षा यंत्र नसलेले बरे, असे माझे मत आहे.

निवड कशी करावी

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार असतात. व्हॅक्यूम क्लीनर हवा थोडी ओढतो पण जोराने ओढतो. पिशवीवाला ब्लोअर हवा भरपूर ओढतो पण त्याचा जोर कमी असतो. पाण्याच्या स्तंभाच्या हिशेबात व्हॅक्यूमची ओढ ६०-८० इंचांची, तर ब्लोअरची ८-१० इंचांची. म्हणून सँडर, राऊटर, जिगसॉ यांसारख्या हातात धरायच्या आणि सव्वा-दीड इंची तोंड असलेल्या यंत्रांना व्हॅक्यूमच लागतो. बारीक नळीतून ब्लोअर काहीच ओढू शकत नाही. उलट रंधा मशीन आणि टेबलाची गोल करवत यांना ब्लोअर हवा. व्हॅक्यूम तिथे पाच मिनिटांत ढलप्यांनी तुंबतो. दोन्ही कामे एका यंत्रात होतात असे सांगणारा दुकानदार भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे जावे.

ज्यांना एकच घेणे परवडते त्यांनी काय करावे? घासकाम अधिक असेल तर व्हॅक्यूम आधी घ्यावा. कारण सर्वांत बारीक धूळ तिथेच निघते आणि सँडरच्या तळातली भोके ती जागच्या जागी उचलतात. व्हॅक्यूममध्ये मात्र फिल्टर नीट पाहून घ्यावा. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. परदेशी बनावटीच्या यंत्रांवर एल, एम, एच अशी वर्गवारी असते. लाकडासाठी निदान एम वर्ग पाहावा. फिल्टर लवकर भरू नये म्हणून व्हॅक्यूमच्या आधी सायक्लोन नावाचा शंकूच्या आकाराचा एक तुकडा बादलीच्या झाकणावर बसवतात. त्यात हवा गरगर फिरते, जड भुसा बादलीत पडतो आणि थोडीच धूळ पुढे जाते. रंगाची रिकामी २० लिटरची बादली त्यासाठी चालते. फक्त नळी तुंबली की पातळ बादली आत चेपते, म्हणून एकात एक दोन बादल्या घालाव्यात किंवा जाड ड्रम घ्यावा. खेळणी करणाऱ्या आमच्या शिक्षकमित्रांना एवढे पुरे आहे. ब्लोअरच्या भानगडीत त्यांनी पडू नये.

ब्लोअर घ्यायचा तर पाटीवरचा सीएफएम हा आकडा पाहतात. मिनिटाला किती घनफूट हवा ओढली जाते ते तो सांगतो. परंतु हा आकडा बहुधा पाइप आणि पिशवी न लावता मोजलेला असतो. प्रत्यक्षात निम्मी हवा मिळाली तरी समाधान मानावे. ४ इंची पाइपमधून ढलप्या साचू न देता न्यायच्या तर हवेचा वेग मिनिटाला सुमारे ४,००० फूट लागतो, म्हणजे मिनिटाला सुमारे ३५० घनफूट हवा. घरगुती करवतीचा भुसा तेवढ्यात जातो. बारीक धूळही पकडायची असेल तर जाणकार याच्या दुप्पट हवा सांगतात, आणि तेवढी हवा ४ इंचीतून जात नाही, ६ इंची पाइप लागतो. म्हणून एक हॉर्सपॉवरचे यंत्र एका वेळी एकाच मशीनला लावावे. दोन तोंडांचा जोड दिसला म्हणून दोन मशीने जोडू नयेत. विजेचा खर्च फार नाही; एक हॉर्सपॉवरला तासाला साधारण एक युनिट.

पिशवीबद्दल दुकानात एकच प्रश्न विचारावा : "ही किती मायक्रॉनची?" उत्तर आले नाही तर ती जाड गाळणीची समजावी. नमद्यासारख्या दाट कापडाची १ ते ५ मायक्रॉनची पिशवी किंवा घड्यांचा नळकांड्यासारखा फिल्टर वेगळा मागवता येतो. नवी पिशवी थोडी मुरली की अधिक चांगली गाळते, म्हणून ती धुण्याची घाई करू नये. फार थर साचून ओढ कमी झाली तरच झटकावी. तीही घराबाहेर, तोंडाला मास्क लावून.

बसवणे

युरोप-अमेरिकेत लोक महागडे फिल्टर लावून हवा पुन्हा खोलीतच सोडतात, कारण थंडीत तापवलेली हवा बाहेर घालवणे त्यांना परवडत नाही. आपल्याला ही अडचण नाही. हवा बाहेर टाकायला आपल्याकडे बारा महिने मोकळीक आहे. तेव्हा माझ्या मते आपल्या जिल्ह्यात पहिला नियम हा : यंत्र खोलीबाहेर ठेवावे. भिंतीला चार-सहा इंचांचे भोक पाडून पाइप बाहेर काढावा आणि ब्लोअर पिशवीसकट मागच्या बाजूला पत्र्याच्या लहानशा शेडमध्ये बसवावा. पिशवीतून जी धूळ सुटते ती मोकळ्या हवेत जाते. शिवाय आवाजही बाहेर राहतो, तो कानांना फायदा. आमच्या मेस्त्रींनी असेच केले. मात्र पहिल्या आठवड्यात शेजारणीच्या खळ्यात वाळत घातलेल्या आमसुलांवर पिवळी पूड बसली आणि मोठा वाद झाला. दाट पिशवी लावून आणि शेडची उघडी बाजू बागेकडे फिरवून तो मिटवावा लागला. विहीर, वाळवण, शेजाऱ्याची खिडकी हे आधी पाहून घेतलेले बरे. पावसाळ्यात शेडच्या बाजूंना पागोळ्यांचे पाणी येणार नाही असा आडोसा हवा. दमट पिशवीवर भुसा लगद्यासारखा बसतो.

जेवढी हवा बाहेर गेली तेवढी आत यायला हवी. हे बहुतेक जण विसरतात. दहा बाय बाराच्या खोलीतली सारी हवा असे यंत्र दोन-चार मिनिटांत बाहेर फेकते. खिडक्या बंद असतील तर ओढ मंदावते आणि हवा घरातल्या दाराच्या फटीतून येऊ लागते. त्याच भिंतीआड चूल किंवा गॅस गिझर असेल तर त्याचा धूर, आणि धुराबरोबर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू, उलटा घरात खेचला जाऊ शकतो. म्हणून घराकडचे दार बंद आणि पाइपसमोरची खिडकी सताड उघडी असावी. काम करणाऱ्याने अशा रीतीने उभे राहावे, की ताजी हवा बाजूने येईल आणि त्याच्या तोंडावरून धूळ जाणार नाही. घासकाम चालू असता छताचा पंखा लावू नये. तो बसलेली धूळ पुन्हा उठवतो.

यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पाइपचे तोंड. फुंकर मारून हातभर अंतरावरची मेणबत्ती विझवता येते. आता तोंडाने हवा आत ओढून तीच मेणबत्ती विझवून पाहा. ज्योत हलणारसुद्धा नाही. फुंकलेली हवा लांब जाते, ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी येते. ४ इंची पाइपच्या तोंडापासून ४ इंचांवर ओढीचा वेग जेमतेम दहाव्या भागावर येतो. यंत्र कितीही मोठे आणले तरी हा हिशेब बदलत नाही. म्हणून तोंड धुळीच्या अगदी जवळ, पात्यातून भुसा ज्या दिशेला उडतो तिथे आणून ठेवावे. करवतीच्या टेबलाखाली प्लायवूडची पेटी करून तिला पाइप जोडावा, आणि पात्याच्या वरचे संरक्षक झाकण काढून टाकू नये. ते बोटेही वाचवते आणि धूळही.

पाइप साधे पीव्हीसीचे, शेतीच्या दुकानात मिळतात ते चालतात. ते जितके आखूड आणि सरळ तितके चांगले. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड, टी ऐवजी वाय. खाचांची लवचिक नळी हवेला फार अडवते, ती हातभराहून जास्त वापरू नये. सांध्यांना टेप गुंडाळावी, म्हणजे पुढे साफसफाईला सोडवता येतात. थ्री फेज मोटर असेल तर आणखी एक तपासावे. वायरमनने फेज उलटे जोडले की पाते उलटे फिरते, आणि गंमत म्हणजे तरीही हवा त्याच दिशेने जाते, फक्त फार मंद. लोक महिनोन्महिने यंत्राला दोष देत बसतात. मोटरवरचा बाण पाहिला की झाले.

सगळे बसवून झाले की कवडशाची परीक्षा घ्यावी. कवडसा नसेल तर रात्री दिवे मालवून मशीनच्या पलीकडे स्टुलावर आपल्याकडे तोंड करून टॉर्च ठेवावी, तिचा भगभगीत भाग पुठ्ठ्याने झाकावा आणि काम चालू असताना उजेडाच्या झोतात पाहावे. धूळ कुठून सुटते ते स्वच्छ दिसते. ब्रिटनमध्ये कारखान्यांची तपासणी करणारेही अशीच दिव्याची पद्धत वापरतात. याला पैसा लागत नाही.

आगीबद्दल थोडेसे. खिळा पात्याला लागून ठिणगी उडाली आणि ती भुशाच्या पिशवीत गेली, तर आत तासन् तास धुमसते आणि रात्री पेट घेते. पिशवी रोज संध्याकाळी रिकामी करावी, लोखंड घासण्याचे ग्राइंडर या पाइपला कधीही जोडू नये आणि विडी दूर असावी. निघालेला भुसा आपल्याकडे बंबात, शेगडीत जातो. शुद्ध लाकडाचा असेल तर हरकत नाही, पण मूठमूठ विस्तवावर टाकू नये, भडका उडतो. एमडीएफ आणि प्लायवूडचा भुसा मात्र शेगडीत, गोठ्यात किंवा कोंबड्यांखाली वापरू नये.

यंत्र आले म्हणून मास्क सुटत नाही. रुमाल आणि पंचा यांचा बारीक धुळीसाठी उपयोग नाही. एन-९५ मास्क २०२०च्या साथीपासून सर्वांना ठाऊक आहे; घासकामाला तोच हवा, तोही नाकावर चिमटा दाबून. दाट दाढी असेल तर तो बसत नाही. काम संपल्यावर यंत्र दहा मिनिटे चालू ठेवावे आणि मास्क आणखी अर्धा तास काढू नये. कोरडा झाडू मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झाडण्याची पद्धत फार वाईट. कामाचे कपडे पडवीतच बदलावेत, म्हणजे धूळ अंथरुणापर्यंत जात नाही.

मेस्त्रींच्या घरी आता आईचा खोकला थांबला आहे. त्यांचा स्वतःचा पुष्कळ कमी झाला, संपला नाही. एकदा शरीराने धुळीशी वैर धरले की अगदी थोड्या धुळीनेही त्रास होतो, आणि तिथे यंत्राचे हात टेकतात. त्यांनी एमडीएफ घरी कापणे बंद केले आहे. मोजमाप देऊन शहरातल्या मोठ्या कारखान्यातून कापून आणतात आणि घरी फक्त जुळणी करतात. नफा थोडा घटला. श्वासातून घ्यायचे औषध चालू आहे आणि ते त्यांनी मनाने बंद करू नये, हे मला दर भेटीत सांगावे लागते. धुळीचा दमा जितका लवकर ओळखला जाईल तितका तो पूर्ण बरा होण्याची शक्यता अधिक. वर्षानुवर्षे तसेच काम रेटले तर पुढे काम सोडूनही तो राहतो. म्हणून लाकडात काम करणाऱ्या कुणालाही रात्रीचा खोकला, छातीत सूं-सूं किंवा सुट्टीत कमी होणारी सर्दी असेल, तर डॉक्टरांना आपला धंदा काय हे आपण होऊन सांगावे. आमच्या गर्दीत ते विचारायचे राहून जाते. आणि एकच नाकपुडी सतत चोंदलेली राहणे, त्याच बाजूने वारंवार रक्त येणे, हे पन्नाशीच्या सुताराने सर्दी समजून अंगावर काढू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने नाक तपासून घ्यावे.

पॉलिश, थिनर आणि स्प्रेच्या वाफांबद्दलही दोघांनी विचारले आहे. हे यंत्र किंवा एन-९५ मास्क त्या वाफा अडवू शकत नाही, आणि स्प्रे चालू असताना हा ब्लोअर लावणे तर धोक्याचे आहे, कारण मोटरच्या ठिणगीने वाफ पेटू शकते. त्याविषयी पुढील आठवड्यात.